बोगद्यानंतरच्या उतारावर पेडल खाली बसलं: ब्रेकसाठी ट्रक बदलू का?

मागचा_डबा

मंडळी, प्रश्न लांबलचक आहे. थोडक्यात विचारला की उत्तरंही दोन शब्दांची येतात, म्हणून सगळं लिहितो.

ट्रक २०२० चा, पाऊण टनी (जड पिकअपचा एक वर्ग, हाफ टनी आणि एक टनीच्या मधला), पेट्रोल इंजिन, चार दारं. दोन वर्षांपूर्वी सेकंडहँड घेतला. कंपनी मुद्दाम सांगत नाही. सांगितली की पुढची चाळीस उत्तरं माझा ब्रँड भारी की तुझा यातच जातील. मागे २९ फुटी ट्रॅव्हल ट्रेलर, दोन अ‍ॅक्सलचा. पाणी, सामान, आम्ही दोघं आणि कुत्रा धरून ट्रक स्टॉपच्या काट्यावर सगळं मिळून १७,०४० पौंड भरलं. मर्यादेत आहे, दोनदा तपासलं.

मागच्या शनिवारी डेन्व्हरकडून आय-७० ने पश्चिमेला निघालो. आयझेनहॉवर बोगद्याचं पश्चिमेकडचं तोंड ११,१५८ फुटांवर आहे, आणि तिथून सिल्व्हरथॉर्नपर्यंत आठेक मैल नुसता उतार, काही तुकडे सात टक्क्यांचे. टो-हॉल मोड (ओझं ओढताना उतारावर ट्रक आपणहून खालचा गिअर धरतो तो) चालू होता. बोगद्यातून बाहेर पडल्यावर ब्रेकला पाय लावला आणि ट्रकने आपणहून गिअर खाली टाकत थेट तिसरा धरला. इंजिन ४,६०० वर. असा आवाज त्या ट्रकमधून मी कधी ऐकला नव्हता. बायको म्हणाली, "काहीतरी तुटलं." मलाही तसंच वाटलं. घाईघाईने टो-हॉल बंद केला. आवाज गेला, जीव भांड्यात पडला, आणि तिथून पुढे माझा पाय ब्रेकवरच.

चौथ्या मैलाला वास यायला लागला. आधी वाटलं पुढच्या ट्रकचा असेल. मग पेडल नेहमीपेक्षा खाली गेलं. सोडून पुन्हा दाबलं तर आणखी खाली. दोन-तीनदा पटापट मारल्यावर जरा वर आलं. तेवढ्यात रनअवे रॅम्प दिसला, ब्रेक गेलेल्या गाड्यांनी घुसायचा. अकरा वर्षं त्या खडीच्या चढावाजवळून जातोय, त्या दिवशी पहिल्यांदा त्याच्याकडे गिऱ्हाइकाच्या नजरेने पाहिलं.

रॅम्प घ्यावा लागला नाही. एक्झिट २०५ ला कसाबसा उतरलो, पुढच्या दोन्ही चाकांतून धूर येत होता. पाऊण तास थांबलो. तिथून ग्लेनवूड स्प्रिंग्जपर्यंत बायको एक शब्द बोलली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

घरी येऊन ट्रक डीलरच्या सर्व्हिसमध्ये दाखवला. "पॅड साठ टक्के शिल्लक आहेत, ट्रक ठणठणीत आहे," असं सांगून परत दिला. मग मी तक्ता करायला बसलो: फोर्डचा सुपर ड्यूटी, रॅम एचडी, जीएमचे सिल्व्हराडो आणि सिएरा एचडी. तिघांनाही चारही चाकांना डिस्क, रोटर (पॅड ज्यांना पकडतात त्या लोखंडी चकत्या) सगळ्यांचे १४ इंचांच्या आसपास, एबीएस आहेच, डॅशमध्ये ट्रेलर ब्रेक कंट्रोलर मिळतो (माझ्यातही आहे, गेन, म्हणजे ट्रेलरच्या विजेवरच्या ब्रेकना किती जोर द्यायचा तो आकडा, ३ वर ठेवलाय, जास्त ठेवला की पार्किंगमध्ये ट्रेलर झटके देतो). ब्रोशरमध्ये टो रेटिंग पानापानावर छापलंय, थांबायला किती फूट लागतात ते एकाही पानावर नाही.

तर विचारायचं असं, की ब्रेकच्या बाबतीत तिघांत खरोखर उजवा कोण? एक टनी घेतला तर फरक पडेल का? की आहे त्याच ट्रकला खाचांचे रोटर आणि महागडे पॅड लावू?

फक्त_डिझेल

डिझेल घ्या. एक्झॉस्ट ब्रेकचं बटण दाबा, पाय खाली ठेवून गाणी ऐका. विषय संपला.

मागचा_डबा

चाळिसातलं पहिलं आलं.

रानघोडी

दादा, तुमच्या पोस्टमधली सगळ्यात महत्त्वाची ओळ तुम्ही कंसात टाकली आहे. गेन ३. बाकी तक्ता जरा बाजूला ठेवा.

मी पूर्व ओरेगनमध्ये असते. तीन घोड्यांचा गूजनेक ट्रेलर ओढते आणि पेंडलटनजवळचा कॅबेज हिल वर्षातून वीस-पंचवीस वेळा तरी उतरते. सहा टक्के उतार, त्यात दोन मोठी उलटी वळणं. आधी पेट्रोल ट्रक होता, आता डिझेल आहे. तुमचं सामान गडगडलं तर कपाट उघडल्यावर कळतं. माझ्या ट्रेलरचे ब्रेक बरोबर लागले नाहीत तर मागचं दार उघडल्यावर घोडा चारी पाय फाकवून उभा दिसतो, मानेवरून घाम निथळत असतो, आणि पुढच्या वेळी तो आत चढायलाच तयार होत नाही. त्यामुळे ट्रेलरच्या ब्रेकवर मी ट्रकच्या ब्रेकपेक्षा जास्त वेळ घालवते.

तुमच्या ट्रकवर छापलेलं टो रेटिंग ट्रेलरचे ब्रेक चालू आहेत असं गृहीत धरून काढलेलं असतं. तुमचा ट्रेलर नऊ हजार पौंडांचा तरी असेलच. त्याचे ब्रेक नीट लागत नसतील तर ते नऊ हजार पौंडही तुमच्या पुढच्या दोन रोटरनी थांबवायचे. मग ते चौदा इंची असोत की पंधरा, कोणत्याही कंपनीचे असोत, धूर निघणारच.

आता करून बघायची गोष्ट. मोकळा, सपाट, कोरडा रस्ता शोधा. आधी थोडं चालवून ट्रेलरचे ब्रेक जरा गरम होऊ द्या. थंड ड्रमवर केलेली सेटिंग खोटी निघते. मग ताशी २५ मैलांवर या, पेडलला पाय लावायचा नाही, कंट्रोलरची हाताने दाबायची पट्टी पूर्ण दाबा. ट्रेलरने अख्ख्या गाडीला मागून धरून ओढल्यासारखं थांबवलं पाहिजे. नुसता बारीक धक्का जाणवला तर गेन अर्ध्या-अर्ध्याने वाढवत जा. चाकं घसटायला लागली की तिथून किंचित खाली या, तो तुमचा आकडा. ट्रेलर भरलेला असताना वेगळा येईल, रिकामा असताना वेगळा. माझा घोडे असताना साडेसहा, नसताना चार.

पार्किंगमध्ये झटका बसतो म्हणून गेन कमी ठेवणारे तुम्ही पहिले नाही. माझे यजमानही तेच करायचे. पण पार्किंगमध्ये ताशी पाच मैलांनी जाताना झटका बसणारच. तेवढ्यापुरता कमी करा आणि हायवेला लागायच्या आधी परत वर न्या.

आणि गेन दहावर नेऊनही ट्रेलर पकडत नसेल, तर आकड्याशी खेळू नका, चाकं उघडा. डॅशवर "ट्रेलर जोडला आहे" असं येतं त्यावर जाऊ नका. मागे वायर लागली आहे एवढंच ते सांगतं. चारांपैकी किती ब्रेक जिवंत आहेत हे त्यावरून समजत नाही. क्लॅम्प मीटर घ्या, ट्रेलरच्या ब्रेकच्या निळ्या वायरभोवती अडकवा आणि कुणाला तरी पूर्ण ब्रेक द्यायला सांगा. तुमच्या आकाराच्या ड्रममधला प्रत्येक मॅग्नेट तीनेक अँपिअर खातो. चार चाकं म्हणजे बारा-तेरा दिसले पाहिजेत.

गिअरचं इंजिनवाल्यांनी सांगावं, पण ४,६०० ला काही तुटत नाही. ते इंजिन चढावर त्याच आकड्याला तासभर ओरडतं तेव्हा आपण "काय ताकद आहे" म्हणतो, आणि उतारावर ओरडलं की घाबरतो!

पॅड_आणि_पट्टी

रानघोडीताईंशी शंभर टक्के सहमत, फक्त थोडं गणित जोडतो. मी मिशिगनमध्ये ब्रेक डायनोवर काम करतो. दिवसभर रोटर तापवणं आणि पॅड जाळणं हाच धंदा, त्यामुळे वासाचं वर्णन वाचून घरच्यासारखं वाटलं.

तुमची १७,०४० पौंडांची गाडी म्हणजे सुमारे ७,७०० किलो. ताशी ६० मैलांवरून एकदा पूर्ण थांबवायची तर २.८ मेगाज्यूल उष्णता कुठेतरी जिरवावी लागते. ट्रकच्या चारही रोटरचं मिळून ५० किलो लोखंड धरा. ट्रेलरने काहीच मदत केली नाही तरी एका थांब्याला रोटर १२० अंश सेल्सिअसच्या आसपास वर जातील. हे कुठलाही धड ट्रक सहज सोसतो. टायर आणि एबीएस सारखेच असतील तर तुमच्या तक्त्यातल्या तिघांत एका थांब्यापुरता सांगण्यासारखा फरक पडू नये. रिकामा एचडी पिकअप थांबायला वेळ घेतो तो मुख्यतः वजनामुळे आणि जाड, कडक एलटी टायरमुळे, त्यात रोटरचा दोष थोडा.

आता उतार. बोगद्यापासून सिल्व्हरथॉर्नपर्यंत तुम्ही सुमारे २,१०० फूट खाली आलात, म्हणजे ६४० मीटर. तेवढी उंची गमावताना ४८ मेगाज्यूल सुटतात. २.८ ने भागा. ६० वरून सतरा वेळा पूर्ण थांबण्याइतकी ऊर्जा, तीही मध्ये रोटरला निवांत गार व्हायला वेळ न देता. गंमत म्हणजे वजन दुप्पट केलं तरी हा सतराचा आकडा बदलत नाही, दोन्हीकडे वजन सारखंच येतं. बदलतं ते लोखंडावर पडणारं ओझं.

यातला तिसरा हिस्सा, वेग जास्त असेल तर निम्म्याच्या जवळ, हवा आणि टायर खातात. उरलेलं इंजिनने खायचं की ब्रेकने, हे तुम्ही ठरवायचं. सात टक्क्यांच्या तुकड्यावर ताशी ४५ मैल राखायचे तर तुमच्या गाडीला ९० हॉर्सपॉवरच्या आसपास सतत कुणीतरी मागे ओढावं लागतं. ट्रकने तिसरा गिअर टाकून तेच काम अंगावर घेतलं होतं. तुम्ही त्याला "राहू दे, मी बघतो" म्हणालात.

पेडलचं वर्णन तुम्ही फार नेमकं केलंय, त्याबद्दल आभार. बहुतेक लोक नुसतं "ब्रेक गेले" म्हणतात. ब्रेक दोन तऱ्हांनी जातात. पेडल दगडासारखं कडक, वर, पण गाडी थांबत नाही: पॅड तापून घर्षण उतरलं. पेडल मऊ पडून खाली जातं, पटापट मारलं की वर येतं: कॅलिपरमधलं ब्रेक ऑइल उकळलं, वाफेचे बुडबुडे झाले, तुमचा पाय ती वाफ दाबतोय. तुमचं दुसऱ्या जातीचं आहे. धूर म्हणजे पॅडही बराच तापला होता, पण पेडल बसवलं ते ऑइलने.

म्हणून महागडे पॅड नंतर. आधी सांगा, ऑइल कधी बदललं? ट्रक २०२० चा, सेकंडहँड, म्हणजे बहुधा कधीच नाही. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट ३ चा उत्कलनबिंदू नियमाप्रमाणे ताज्या अवस्थेत किमान २०५ अंश सेल्सिअस, पाणी मुरल्यावर किमान १४०. डॉट ४ चे हेच आकडे २३० आणि १५५. म्हणजे पाणी मुरलेलं डॉट ४ हे ताज्या डॉट ३ पेक्षा खूप मागे. बाटलीवरचा आकडा मोठा असण्यापेक्षा ऑइल ताजं असणं महत्त्वाचं. झाकणावर काय लिहिलंय ते बघून तेच भरा, चारही चाकांना ब्लीड करा, पूर्ण जुनं निघेपर्यंत. सिलिकॉनचं डॉट ५ चुकूनही नको, ते यात मिसळत नाही. (डॉट ५.१ वेगळं, ते ग्लायकॉलचंच आहे. नावं ज्याने ठेवली त्याला शोधतोय.)

सर्व्हिसवाल्याने पॅडची जाडी मोजली आणि ठणठणीत म्हणाला. जाडीवरून किती घासून गेलं ते कळतं. ऑइलमध्ये किती पाणी आहे ते नाही.

खाचांचे आणि भोकांचे रोटर: ओढणाऱ्या गाडीला नको. भोकांमुळे लोखंड कमी होतं आणि तापल्यावर भोकांच्या कडांना चिरा जातात. तुम्हाला हवंय ते वस्तुमान, दागिने नाही. पॅड घ्यायचेच झाले तर कडेवर छापलेल्या कोडमधली शेवटची दोन अक्षरं बघा. पहिलं अक्षर थंड असतानाच्या घर्षणाचं, दुसरं तापल्यावरचं. ई म्हणजे ०.२५ ते ०.३५, एफ ०.३५ ते ०.४५, जी त्याच्या वर. "एफएफ" दिसलं तर तापल्यावरही पकड त्याच पट्ट्यात राहते. "एफई" दिसलं तर ते दुकानातच राहू द्या.

एक टनीबद्दल: एकेरी मागच्या चाकांचा ३५०० घेतलात तर जास्त वजन पेलणाऱ्या स्प्रिंगा मिळतात. ब्रेकचे पार्ट नंबर काढून आपल्या ट्रकशी ताडून बघा, बऱ्याचदा तेच निघतात.

आणि हाफ टनी ट्रकच्या चाचण्यांचे आकडे शेजारी ठेवून तुलना करू नका. एकूण वजनक्षमता ३,५०० किलोपर्यंत असेल तर अमेरिकेत ब्रेकचा नियम १३५ लागतो, त्याच्या वर हायड्रॉलिक ब्रेक असतील तर १०५. तुमचा ट्रक १०५ मधला, हाफ टनी बहुतेक १३५ मधले.

फक्त_डिझेल

बरं, माझं पहिलं उत्तर आगाऊ होतं. आता नीट लिहितो.

डिझेल इंजिनाला पेट्रोलसारखा हवा अडवणारा थ्रॉटल नसतो, त्यामुळे पाय काढला की ते जवळजवळ मोकळं फिरतं. नुसतं डिझेल उतारावर पेट्रोलपेक्षाही वाईट. ती उणीव भरून काढायला एक्झॉस्ट ब्रेक. टर्बोच्या आतल्या पात्या मिटवून धुराची वाट अरुंद करायची, की प्रत्येक पिस्टनला त्या दाबाविरुद्ध धूर बाहेर ढकलावा लागतो. रॅमच्या ६.७ लिटर कमिन्सला हे २००७ पासून कारखान्यातूनच येतं, ड्युरामॅक्सला २०११ पासून, आता तिघांकडेही आहे. रॅममध्ये दोन पद्धती आहेत: एक पाय काढला की पूर्ण जोर लावते, दुसरी तुम्ही उतार सुरू करताना जो वेग होता तो धरायचा प्रयत्न करते. मी लांब उतारावर दुसरीच वापरतो.

ब्रेकला मदत करणारा बूस्टरही यामुळेच वेगळा असतो. थ्रॉटल नाही म्हणजे इंजिनात पोकळी नाही, म्हणून अनेक डिझेल ट्रकमध्ये स्टिअरिंगच्या पंपाचाच दाब ब्रेकला देतात. हायड्रोबूस्ट. इंजिन बंद पडलं तर साठवलेल्या दाबावर एक-दोनदा ब्रेक नीट लागतो, मग पाय दुखेपर्यंत दाबा.

पण दोन गोष्टी विक्रेता सांगत नाही. पहिली, एक्झॉस्ट ब्रेक फक्त इंजिन ज्यांना फिरवतं त्या मागच्या चाकांना धरतो. बर्फावर, रिकाम्या ट्रकला, वळणावर तो पूर्ण जोराने लागला की मागची चाकं घसरतात. मी लॅरमीच्या पुढे एकदा अर्धा गोल फिरून उभा राहिलो, तेव्हापासून रस्ता पांढरा दिसला की बटण बंद. दुसरी, एक्झॉस्ट ब्रेकने ट्रेलरचे ब्रेक लागत नाहीत. ट्रक मागे ओढतो, ट्रेलर पुढे ढकलतो. सरळ रस्त्यावर चालतं. वळणाआधी मी हाताच्या पट्टीने ट्रेलरला हलकं ओढून धरतो, जोडणी ताणलेली राहते.

फक्त यासाठी ट्रक बदलायचा का? मी बदलला असता. पण मला कारण लागतच नाही.

मागचा_डबा

सगळ्यांचे आभार, आणि डिझेलवाले दादा, चाळिसातलं पहिलं म्हणालो ते मागे घेतो.

एक शंका राहिली. तिसऱ्या गिअरमध्येही वेग हळूहळू वाढत गेला तर? पाय हलका ठेवून सतत दाबत राहायचं की सोडून सोडून?

रानघोडी

सोडून सोडून. मोठ्या ट्रकच्या परवान्याच्या पुस्तकात हेच शिकवतात. स्वतःसाठी वेग ठरवा, समजा ४५. तिथे पोचलात की ठाम दाबून ४० वर आणा, साधारण तीन सेकंद, आणि पाय पूर्ण काढा. परत ४५ झाले की परत. पाय काढल्यावर रोटरला वारा लागतो. हलका पाय ठेवून बसलात तर पॅड रोटरला चिकटलेला, वारा जाणार कुठून? शिवाय पेडल ठाम दाबलं तरच कंट्रोलर ट्रेलरला पुरेसा करंट देतो. नुसत्या हलक्या पायावर ट्रेलर झोपलेला राहतो आणि ट्रक एकटाच राबतो.

आणि गिअर उतार सुरू व्हायच्या आधी. तुमच्या बाबतीत बोगद्याच्या आतच.

मागचा_डबा

तीन आठवड्यांनी परत आलो. बरंच लिहायचंय.

आधी २५ मैलांचा प्रयोग. गेन ३ वर पट्टी दाबली: काहीच नाही. सहावर: बाहेर वारा सुटला असावा एवढाच फरक. दहावर: ट्रक किंचित रेंगाळला. बायको म्हणाली, "हे ब्रेक आहेत?"

क्लॅम्प मीटर आणला. बाराच्या जागी ६.३ अँपिअर. म्हणजे चारातले दोन मेलेले. जॅक लावून एकेक चाक उघडलं. मागच्या उजव्या ब्रेकची वायर डावीकडून अ‍ॅक्सलच्या पोकळ नळीतून येते. आत सैल होती, दर खड्ड्याला लोखंडावर घासून घासून तुटली होती. बाहेर काढली तर तांबं आरशासारखं चकचकीत. पुढच्या डाव्या चाकाचा जोड साध्या क्लिपने केलेला, वरचं प्लास्टिक शाबूत आणि आत सगळी हिरवी पूड. बोट लावल्यावर वायर हातात आली.

हे दोन मेलेले. उरलेले दोन बरे, असं समजून पुढचा उजवा ड्रम काढला. आतून ग्रीस टपकलं. ब्रेक शूचं अस्तर काळं, ओलं, नखाने दाबलं तर नख रुतलं. करंट जातोय, मॅग्नेट चिकटतोय, शू ड्रमला टेकतोय आणि लोण्यावरून सरकावं तसा सरकतोय. ग्रीसचा पंप मीच मारला होता. मागच्या वसंतात, व्हिडिओ बघून, "नवं ग्रीस बाहेर येईपर्यंत". ते बाहेर आलं नाही, सील ओलांडून आत गेलं. म्हणजे चारांपैकी काम करणारा ब्रेक एकच, आणि त्याला मी गेन ३ देत होतो.

ग्रीस मुरलेले शू धुऊन चालत नाहीत असं सगळीकडे वाचलं, म्हणून शू-मॅग्नेटसकट चारही बॅकिंग प्लेट नव्या लावल्या, सील नवे, वायर अ‍ॅक्सलच्या बाहेरून नळीत घालून बांधली, जोड पक्के केले. आता मीटरवर १२.७.

ट्रकचं ऑइल एका छोट्या गॅरेजमध्ये बदललं. त्याने जुनं पारदर्शक बाटलीत भरून दाखवलं. गडद तपकिरी, तळाशी बारीक गाळ. पॅडच्या कडेवर "एफएफ" आहे, त्यांना हात लावला नाही.

काल परत तोच उतार. ट्रेलर भरलेला, गेन साडेसहा. बोगद्यातच टो-हॉल चालू करून तिसरा टाकला. बाहेर आल्यावर ३,८०० ते ४,२०० च्या मध्ये आवाज. यावेळी बायकोने टॅकोमीटरवर बोट ठेवून विचारलं, "हे अजून किती वर जातं?" खालपर्यंत नऊ वेळा ब्रेक मारला, मोजून. रॅम्प दोन्ही मागे गेले, मी एकाकडेच पाहिलं.

एक्झिट २०५ ला इन्फ्रारेड थर्मामीटर घेऊन फेरी मारली. ट्रकचे पुढचे रोटर ३१० आणि ३०० अंश फॅरेनहाइट. ट्रेलरचे ड्रम बाहेरून २०५, १९०, २१५ आणि मागचा डावा १४०.

तो १४० वाला करंट खातोय, मीटरवर दिसतो. काय असेल?

पॅड_आणि_पट्टी

शू लांब बसलेत. बॅकिंग प्लेटच्या खालच्या फटीतून चमच्यासारखं हत्यार घालून शू जवळ-लांब करायचं दातेरी चाक फिरवा, चाक हाताने फिरेनासं होईपर्यंत, मग हलकं घासत फिरेल इतकं मागे घ्या. नव्या शूंना पहिल्या २०० मैलांनंतर हे चारही चाकांना करायचंच असतं, मग दर ३,००० मैलांनी.

फक्त_डिझेल

म्हणजे ट्रक विकत नाही?

मागचा_डबा

नाही. चमचा घेऊन ट्रेलरखाली चाललोय.